साइट गिऱ्हाइकाच्या फोनवर मोजा

वडगाव-शहापूरचे साडीवाले, खडेबाजारातले कापडवाले, कुंदा आणि मांडे बाहेरगावी पाठवणारे, उद्यमबागेतले फौंड्रीवाले, खानापूर तालुक्यात होमस्टे चालवणारे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मी अशा लोकांच्या वेबसाइट करून देते आणि दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्तही करते. दुरुस्तीला येणाऱ्याची तक्रार बहुतेक एकच असते: “बघायला लोकं येतात, पण कोण घेईना झालंय.” त्याच्या मनात साइटचा रंग बदलायचा असतो, नाहीतर जाहिरातीचे पैसे वाढवायचे असतात. मी आधी घरातला सगळ्यात जुना, स्वस्तातला अँड्रॉइड फोन मागते. वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, क्रोममध्ये इन्कॉग्निटो (आधी साठलेलं काही न वापरणारी खिडकी) उघडायचं आणि ज्या पानावरून पैसे येतात त्या पानाची लिंक दाबायची.

साडीच्या पानावर काय दिसतं ते सांगते. थोडा वेळ नुसता पांढरा पडदा. मग वर दुकानाच्या नावाची पट्टी येते, पण तिच्यातली अक्षरं अजून गायब. त्याखाली सरकत्या फोटोंची जागा उघडते आणि पहिला फोटो वरून खाली तुकड्यातुकड्यानं उमटायला लागतो. शेवटी किंमत दिसते, आपण ‘खरेदी करा’कडे बोट नेतो आणि तेवढ्यात वर सवलतीची पाटी येऊन बसते. सगळं पान खाली सरकतं, बोट भलत्याच बटणावर पडतं. “माझ्या फोनवर असं होत नाही,” मालक म्हणतात, आणि ते खरंच असतं. त्यांचा फोन नवा, दुकानात फायबर, आणि रोज बघून बघून साइटचे फोटो त्यांच्या फोनमध्ये आधीच साठलेले. गिऱ्हाईक मात्र पहिल्यांदाच येत असतं. ते चंदगडहून बेळगावला येणाऱ्या एसटीत बसलेलं असतं, नाहीतर जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर, जिथं रेंज मध्येच जाते. निपाणी-कागलकडे फोन इकडचा टॉवर सोडून तिकडचा पकडत असतो. तिथं तुमचं पान उघडायला हवं.

आधी पैशाचा हिशेब

साइट जड असली की नुकसान किती, याचे आकडे मोठ्या कंपन्यांनी मोजलेले आहेत. २०१६ मध्ये गुगलनं सांगितलं की मोबाइलवर पान उघडायला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर ५३ टक्के भेटी तिथंच सुटतात. व्होडाफोनच्या इटलीतल्या कंपनीनं एकाच पानाची दोन रूपं लोकांना दाखवली. ज्या रूपात मुख्य मजकूर ३१ टक्के लवकर दिसत होता, त्यावर विक्री ८ टक्के जास्त झाली. आपल्या बेंगळुरूच्या रेडबसनं बटण दाबल्यावर पानानं दाद द्यायला लागणारा वेळ कमी केला आणि विक्री ७ टक्क्यांनी वाढली. हे मोठ्यांचे आकडे आहेत, ते जसेच्या तसे तुमच्या दुकानाला लागू होतील असं मी कुणाला सांगत नाही. पण दिशा पक्की आहे, आणि स्वतःचा हिशेब प्रत्येकाला करता येतो.

समजा महिन्याला २,००० लोक साडीच्या पानांवर येतात, शंभरात एक घेतो आणि साडी सरासरी १,८०० रुपयांची आहे. म्हणजे २० ऑर्डर, ३६,००० रुपये. शंभरातल्या एकाऐवजी सव्वा झाला तर २५ ऑर्डर, ४५,००० रुपये. हे ९,००० रुपये नवं गिऱ्हाईक न शोधता येतात, कारण माणसं आधीच दारात आली होती.

इन्स्टाग्राम-फेसबुकवर जाहिरात देणाऱ्यांनी तर हे आजच बघावं. जाहिरातीच्या अहवालात दोन आकडे असतात: लिंक किती जणांनी दाबली आणि पान किती जणांना प्रत्यक्ष उघडून दिसलं. दुसरा आकडा दिसायला साइटवर त्यांचा पिक्सेल (भेटी मोजणारा कोडचा छोटा तुकडा) बसवलेला लागतो. दोन्हींत थोडा फरक नेहमीच राहतो, पण शंभरांनी दाबलं आणि साठांनाच दिसलं, असं असेल तर जाहिरातीच्या रकमेतला मोठा हिस्सा पांढऱ्या पडद्यावर खर्च होतोय. अशा वेळी जाहिरात वाढवणं म्हणजे तो खर्च वाढवणं.

मोजायचं कसं

गुगलची ‘पेजस्पीड इनसाइट्स’ ही सोय फुकट आहे. त्यात पानाचा पत्ता टाकायचा आणि ‘मोबाइल’ बघायचं. वरच्या भागात खऱ्या लोकांचा गेल्या २८ दिवसांचा अनुभव येतो, मात्र लहान साइटवर पुरेशी माणसं येत नाहीत म्हणून तो भाग बरेचदा रिकामा असतो. घाबरू नका. खालच्या भागात मधल्या दर्जाचा फोन आणि सेकंदाला १.६ मेगाबिट एवढंच इंटरनेट धरून चाचणी होते. आपल्या ग्रामीण भागाला ती परिस्थिती बऱ्यापैकी जुळते. तीनदा चालवा आणि मधला आकडा धरा, कारण दर वेळी थोडा फरक पडतो.

तीन आकडे लक्षात ठेवा. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे बहुतेक वेळा साडीचा फोटो, दिसायला किती वेळ लागला तो एलसीपी: २.५ सेकंदांच्या आत हवा. बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल दिसायला किती वेळ लागतो तो आयएनपी: २०० मिलिसेकंदांच्या आत. मार्च २०२४ पासून जुन्या मापाच्या जागी हा आला. आणि पान किती उड्या मारतं तो सीएलएस: ०.१ च्या आत. हे आकडे पास व्हायचे तर शंभरातल्या पंचाहत्तर भेटी त्या हद्दीत बसायला हव्यात. म्हणजे तुमचा नवा फोन मोजमापाला काहीच उपयोगाचा नाही. आयएनपी खऱ्या बोटांवरून मोजला जातो, त्यामुळे तो खालच्या चाचणीत येत नाही. तिथं त्याच्याऐवजी ‘टोटल ब्लॉकिंग टाइम’, म्हणजे पान दाद न देता किती वेळ अडकून राहतं ते, बघा.

लोक नेहमी होमपेज तपासतात. उगाच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती साडीच्या पानाची लिंक, होमस्टेच्या खोलीची लिंक, फौंड्रीच्या मशीन-क्षमतेचं पान. त्यांची यादी करा आणि तीच पानं मोजा. वर मोठ्या गोलात येणाऱ्या शंभरपैकी गुणांच्या मागे लागू नका. पहिला फोटो किती सेकंदांत दिसतो आणि पान हलतं का, एवढं बघा.

फोटो: सगळ्यात जास्त ओझं इथंच

फोनवर काढलेला साडीचा फोटो सहज ४ मेगाबाइटचा असतो. चाचणीतलं १.६ मेगाबिटचं इंटरनेट धरलं तर तो एकटा फोटो यायला २० सेकंद लागतात. एका पानावर तसे पाच असतील तर शंभर सेकंद. तोच फोटो १०८० पिक्सेल रुंद करून वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात जपला की साधारण १०० ते १५० किलोबाइटचा होतो आणि पाऊण सेकंदाच्या आत येतो. एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच कामातून पडत नाही, म्हणून सुरुवात इथूनच.

करायचं असं. मूळ फोटो एका फोल्डरमध्ये सांभाळून ठेवा, त्याला हात लावू नका. त्याची प्रत ‘स्क्वूश’ या फुकट सोयीत उघडा. ती ब्राउझरमध्येच चालते. रुंदी १०८० करा, वेबपी निवडा, दर्जा ८० च्या आसपास ठेवा. मग डोळ्यानं बघा, आणि घाई करू नका. साडीच्या बाबतीत काठावरची जर आणि पदराची बारीक वीण आधी बिघडते: दर्जा ६० वर नेला की जरीच्या रेघा एकमेकींत मिसळून पिवळा पट्टा दिसायला लागतो. गिऱ्हाईक काठ बघूनच साडी घेतं. तिथं ३० किलोबाइट वाचवून उपयोग नाही. उलट कुंद्याच्या डब्याचा फोटो ७० वरही चांगला दिसतो. काठाचा मोठा, जवळून काढलेला फोटो हवाच असेल तर तो वेगळा ठेवा आणि फोटोवर बोट ठेवल्यावरच येऊ द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो साइटवर चढवू नका. ते हलके असतात हे खरं, पण रंग आणि वीण दोन्ही आधीच गेलेली असते आणि ती परत येत नाही. फोटोग्राफरकडून मूळ फाइल ड्राइव्हवर मागा.

साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर) असेल तर एक खास चूक शोधा. खालचे फोटो गरज पडेल तेव्हाच आणायची सोय, लेझी लोडिंग, २०२० पासून वर्डप्रेसमध्ये आपोआप आहे आणि ती चांगली आहे. पण काही थीम (साइटचे तयार साचे) आणि प्लगइन (वरून जोडायच्या सोयी) पहिल्या फोटोलाही तीच लावतात. मग पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सगळ्यात उशिरा मागवली जाते. पहिला फोटो त्यातून वगळायला सांगा आणि त्याला जास्त प्राधान्य द्यायला सांगा. करणाऱ्याला हे दहा मिनिटांचं काम आहे. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली हवी, म्हणजे फोटो येण्याआधीच ब्राउझर त्याची जागा राखून ठेवतो आणि पान उडी मारत नाही. सवलतीच्या पाटीलाही तशीच ठरलेली जागा द्या.

सरकत्या फोटोंची पट्टी मात्र काढाच. मालकांचा तिच्यावर जीव असतो, मला माहीत आहे. पण पाच फोटो आणि ते सरकवायची जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) एवढं ओझं आणून गिऱ्हाईक पहिल्या फोटोवरूनच खाली जातं. त्या जागी एक चांगला फोटो आणि खाली एक ओळ.

तीन लिप्यांचं ओझं

हे आपल्या भागाचं खास दुखणं आहे. पुण्याच्या दुकानाला मराठी-इंग्रजीत भागतं. आपल्याला मराठी हवी, कन्नड हवी, आणि मुंबई-गोव्याच्या गिऱ्हाइकासाठी इंग्रजीही हवी. तिन्ही भाषा द्याव्यात असंच माझं मत आहे. माणूस आपल्या भाषेत किंमत आणि अटी वाचतो तेव्हा फोन करून विचारायची गरज कमी पडते. पण त्यासाठी तीन लिप्यांचे फॉन्ट प्रत्येक पानावर उतरवायची गरज नाही.

देवनागरी आणि कन्नड फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच मोठी असते, कारण जोडाक्षरं आणि काना-मात्रांच्या शेकडो आकृती तिच्यात भराव्या लागतात. वर ठळक, मध्यम, बारीक अशी प्रत्येक जाडी घेतली की बऱ्याच फॉन्टमध्ये तेवढ्या फाइली वाढतात. गुगल फॉन्ट्स त्यातल्या त्यात शहाणपण करतं: फाइल लिपीनुसार तोडून ठेवतं आणि पानावर ज्या लिपीची अक्षरं असतील तीच फाइल उतरते. मग मराठी पानावर कन्नड फाइल का उतरते? वरच्या कोपऱ्यात बघा. भाषा बदलायच्या बटणावर ‘कन्नड’ हा शब्द कन्नड लिपीत लिहिलेला असतो. त्या एका शब्दासाठी अख्खी फाइल येते, आणि ती येईपर्यंत तुमच्या साडीच्या फोटोला मिळायचं इंटरनेट ती वापरते. उपाय सोपा आहे. त्या बटणापुरता फोनचा स्वतःचा फॉन्ट लावा. अँड्रॉइडमध्ये कन्नड आणि देवनागरी दोन्हींचे नोटो फॉन्ट आधीपासून असतात.

खरं तर मजकुरासाठीही फोनचाच फॉन्ट वापरा, असा माझा आग्रह असतो. दुकानाच्या नावासाठी आणि मथळ्यांसाठी एक वेगळा फॉन्ट, एकाच जाडीत, डब्ल्यूओएफएफ-टू या दाबून लहान केलेल्या फाइल-प्रकारात, स्वतःच्या सर्व्हरवर. बस्स. आणि त्याला ‘स्वॅप’ची सूचना लावलेली हवी. ती नसेल तर फॉन्ट येईपर्यंत क्रोम तीन सेकंदांपर्यंत अक्षरं लपवून ठेवतो. दुकानाच्या पट्टीतली गायब अक्षरं म्हणतात ती हीच. ‘स्वॅप’ लावल्यावर अक्षरं आधी साध्या फॉन्टात दिसतात आणि मग बदलतात. तेव्हा ओळीची उंची बदलून पान हलू नये म्हणून दोन ओळींमधलं अंतर आकड्यानं पक्कं करून ठेवा. देवनागरीला मात्रा-वेलांट्यांमुळे ते जरा जास्तच लागतं.

याच विषयातलं आणखी एक. छापखान्यात जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टात केलेलं पत्रक तसंच फोटो म्हणून साइटवर चढवलेलं मी कितीतरी ठिकाणी बघते. दर, वेळा, पत्ता, सगळं त्या फोटोत. तो जड असतो, फोनवर वाचायला दोन बोटांनी ताणावा लागतो, आणि त्यातला मजकूर गुगलच्या शोधात नीट सापडेल याचा भरवसा नाही. मजकूर पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. एका पानाच्या मजकुराला काही किलोबाइट पुरतात.

बाहेरून आणलेल्या वस्तू

चॅटचं उड्या मारणारं गोल, गुगल मॅप, यूट्यूबचा व्हिडिओ, इन्स्टाग्रामच्या रील्स, चार प्रकारचे मोजणीचे टॅग (कोण आलं, काय बघितलं ते नोंदवणारे कोड). प्रत्येकाबरोबर जावास्क्रिप्ट येते आणि ती स्वस्त फोनच्या प्रोसेसरला अडकवून ठेवते. मग बटण दाबलं तरी पान ढिम्म. व्हॉट्सअ‍ॅपसाठी विजेट लागत नाही, ‘डब्ल्यूए डॉट मी’ची साधी लिंक बटणाला लावली की तेवढंच काम होतं. नकाशाच्या जागी नकाशाचं चित्र ठेवा, त्यावर बोट ठेवल्यावर गुगल मॅप उघडू द्या. व्हिडिओचंही तेच. आणि मोजणीचे टॅग: ज्याचा अहवाल गेल्या तीन महिन्यांत कुणी उघडून बघितला नाही, तो काढा.

सर्व्हर

यावर फार वेळ घालवू नका. होस्टिंग घेताना सर्व्हर मुंबईत किंवा निदान भारतात आहे का, एवढं विचारा. अमेरिकेतल्या सर्व्हरला एक फेरी, म्हणजे मागणी जाऊन उत्तर परत येणं, दोनशे मिलिसेकंदांच्या वर, आणि पान सुरू व्हायलाच अशा तीन-चार फेऱ्या होतात. सर्व्हरच्या उत्तराचा पहिला बाइट ०.८ सेकंदांच्या आत यावा. वर्डप्रेसवर एक कॅश प्लगइन (तयार पान साठवून ठेवणारं) ठेवा. एकच, दोन ठेवले की भांडतात. फोटो सीडीएनवरून (गिऱ्हाइकाच्या जवळच्या सर्व्हरवरून फाइल देणारी सोय) द्या. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) आवृत्ती जुनी असेल तर होस्टिंगवाल्याला फोन करून ती वाढवून घ्या, आधी बॅकअप घेऊन.

पैसे देताना

गिऱ्हाईक इथपर्यंत आलं म्हणजे त्यानं मन केलेलं आहे. इथं घालवलं तर सगळ्यात महाग पडतं. यूपीआयनं पैसे देताना फोन ब्राउझर सोडून दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो. कमी रॅमच्या फोनवर तेवढ्यात ब्राउझर मागून बंद होतो आणि परत आल्यावर पान पहिल्यापासून उघडायला लागतं. पैसे तर गेलेत, पडदा मात्र पांढरा. गिऱ्हाईक घाबरून मागे जातं, पुन्हा पैसे भरतं, नाहीतर थेट दुकानात फोन लावतं: “पैसे कट झाले की हो, ऑर्डर दिसंना झालीय.” असा विश्वास एकदा गेला की त्या घरातून परत ऑर्डर येणं कठीण.

म्हणून पैसे झाल्यानंतरचं पान साइटवरचं सगळ्यात हलकं पान असू द्या. फोटो नको, वेगळा फॉन्ट नको, रील्स नकोत. ‘पेमेंट तपासतोय, थांबा’ ही ओळ लगेच, मग ऑर्डर नंबर. पैसे आले की नाही ते गिऱ्हाईक परत येण्यावर अवलंबून ठेवू नका. पेमेंट गेटवेकडून (साइटसाठी पैसे स्वीकारणारी कंपनी) सर्व्हरला थेट निरोप येतो, त्या निरोपावर ऑर्डर पक्की करा आणि एसएमएस पाठवा. ‘पैसे भरा’ हे बटण एकदा दाबलं की पुन्हा दाबता येऊ नये आणि दाबल्याचं लगेच दिसावं.

पत्त्याच्या फॉर्ममध्ये पिन कोड सगळ्यात आधी विचारा, आकड्यांचा कीपॅड उघडू द्या, आणि राज्य त्यावरून आपोआप भरा. आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे: ५९० चं गिऱ्हाईक कर्नाटकातलं, ४१६ चं चंदगड-गडहिंग्लजचं गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं. तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर पहिल्याच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा कर), दुसऱ्याच्या बिलावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर). जिल्ह्यांची लांबलचक यादी उघडून त्यात ‘बेळगाव’ शोधायला लावलं तर माणूस ‘बेळगावी’पर्यंत पोचेपर्यंत कंटाळतो.

लिहून ठेवा

एका वेळी एकच बदल करा. तारीख, काय बदललं, त्या आठवड्यात किती लोक आले आणि किती ऑर्डर झाल्या, एवढं साध्या वहीत लिहा. दिवाळीच्या आठवड्याची तुलना पितृपक्षाशी करू नका, गेल्या वर्षीच्या दिवाळीशी करा. साडीच्या पानाचं सगळं मिळून वजन १ मेगाबाइटच्या आत, ही मी घातलेली मर्यादा आहे, आणि ती फोटो चढवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला लिहून द्या. साइट हलकी केल्यावर सहा महिन्यांत ती पुन्हा जड होते, कारण नवा माल आला की कुणीतरी घाईत फोनवरचे ४ मेगाबाइटचे फोटो तसेच चढवतं. चढवतानाच फोटो लहान करणारं प्लगइन बसवून घ्या.

लग्नसराईचं बघायचं तर तुळशीच्या लग्नाआधी पंधरा दिवस साइटवर नवं प्लगइन, नवी थीम, नवी पाटी काही घालू नका. फक्त माल आणि किंमती. त्या दिवसांत जुन्या फोनवरून एकदा ऑर्डर लावून, पैसे भरून, ती रद्द करून बघा. जे खटकेल ते वहीत टिपून ठेवा आणि पौषात, बाजार थंड असताना, दुरुस्तीला घ्या.